पाळण्याच्या कड्या

कंडक्टरबाईंना कुणी "बसा ना" म्हटलेलं खपत नाही. नोकरीत असताना गाडी रिकामी असली तरी त्या मागच्या दांड्याला टेकून उभ्या राहायच्या. निवृत्तीनंतरही कुणाकडे गेल्या तर चहा उभ्यानेच संपवतात. लोक म्हणतात, सारा जन्म बसमध्ये गेला, सवय लागली. तसं नाही. सवय आधीची आहे, बस नंतरची. लहानपणी त्या घरात जरा कुठे टेकल्या, की आई नाहीतर बाबा म्हणायचे, "बस, बस. आत्यासारखी बसून राहा जन्मभर."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचे पाय कमरेपासून लुळे होते. घराच्या मागच्या खोलीत, चाकं लावलेल्या एका फळीवर ती बसून असायची. बाई जेमतेम चार वर्षांच्या असताना ती गेली. बाईंना तिचा चेहरा आठवत नाही. टर्पेंटाइनचा वास आठवतो, आणि जमिनीवरून घरंगळत येणाऱ्या चाकांचा आवाज. बाकी सगळं ऐकीव: आत्या खायची, बसायची, आणि भाऊ राबायचा.

भाऊ राबायचा हे खोटं नव्हे. बाईंच्या वडिलांना सारी बाजारपेठ "पेंटर" म्हणे. निम्म्या दुकानांवरचे बोर्ड त्यांचे. त्या बोर्डांची एक खासियत होती. दुसऱ्या कुणाचा बोर्ड दुकानावर चढला की खालून बघताना अक्षरं मागे रेलल्यासारखी वाटत, डोकी बारीक दिसत. पेंटरची अक्षरं मात्र रस्त्यावरून ताठ दिसायची. हे त्यांना कसं जमतं ते कुणाला कळलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. पुढे "डोळे अधू झाले" म्हणून त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि रंगांचं दुकान टाकलं. छापील बोर्ड आले, जुने उतरले. जे उरले त्यांच्याकडे लोक आता मान वर करून बघतात. यंदा व्यापारी मंडळाने ठरवलं, बाजारातल्या चौकाला पेंटरचं नाव द्यायचं आणि तिथे दगडी पाटी बसवायची. त्याआधी मंडळी पेंटरचं घर बघायला येणार होती.

आणि नेमकं त्याच वेळी कंडक्टरबाईंनी ते घर दुरुस्तीला काढलं होतं.

घर त्यांच्या वाटणीचं. थोरला भाऊ, दादा, केव्हाच नव्या वस्तीत फ्लॅट घेऊन गेला होता. बाई निवृत्त होईपर्यंत नोकरीच्या खोलीत राहिल्या; आता इथे यायचं होतं, एकटीने, पण ऐसपैस. दादाने किल्ली देताना बजावलं, "स्वयंपाकघर फोड, न्हाणीघर हलव, काय वाटेल ते कर. मागच्या खोलीला तेवढा हात लावू नकोस. ती भिंत कच्ची आहे."

"कुठली भिंत?"

"फळ्या मारल्यात ती. बाबांनी मुद्दाम मारल्यात. कोसळेल एखादवेळेस."

बाईंनी मिस्त्रीला मागच्या खोलीपासूनच कामाला लावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: घरात कोसळणारी भिंत असेल तर ती आधी बघायची की शेवटी?

मिस्त्री बोलका होता. हात चालत तेवढंच तोंडही चालायचं. पहिली फळी निघाली तसा तो थांबला. "बाई, ओल असती तर लाकूड काळं पडलं असतं. हे तर काल बसवल्यासारखं आहे. आणि खिळे बघा किती! फळी पडू नये म्हणून एवढे मारत नाहीत. कुणी काढू नये म्हणून मारतात."

"मग काढा."

"काढतोय की. पुढे सोनंनाणं निघालं तर अर्धं माझं."

"निघू दे तर खरं."

सोनं निघालं नाही. फळ्यांमागे अक्षरं निघाली. भिंतभर नव्हे, जमिनीपासून बाईंच्या कमरेच्या जरा वरपर्यंतच; त्याच्यावर कोरा चुना. त्या खालच्या पट्ट्यात मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. एकेक अक्षर पुन्हा पुन्हा गिरवलेलं, लाल, निळं, पिवळं, एकावर एक. मधूनच कुंचला पुसल्याचे फराटे. एका कोपऱ्यात निळ्या रंगाने भरलेल्या तळव्याचा ठसा. बाईंनी त्याच्यावर आपला हात ठेवला. ठशाची बोटं त्यांच्या बोटांपेक्षा आखूड होती.

"पेंटरांचा सराव असेल," मिस्त्री म्हणाला.

"बाबा दारातून वाकून आत यायचे. त्यांचा पंजा परातीएवढा होता."

"मग गुडघ्यावर बसून लिहीत असतील."

"आणि हात कापून लहान करत असतील."

मिस्त्री हसला आणि शिडी लावून छत बघायला वर चढला. छतात दोन लोखंडी कड्या होत्या, एकमेकींपासून लांब. त्यांना बाईंनी जन्मभर पाहिलं होतं. आई सांगायची, त्या कड्यांना तुझा पाळणा होता.

"कुणी बांधला हा पाळणा?" मिस्त्री वरून म्हणाला. "कड्या भिंतीपासून वीतभर लांब आहेत. एकेका झोक्याला पोराचं डोकं भिंतीवर आपटलं असतं."

बाई खालून बघत राहिल्या.

"तरीच!" मिस्त्रीने टोमणा मारला.

"तोंड बंद ठेवा. दोराची खूण आहे का बघा."

खूण होती. दोन्ही कड्यांचं लोखंड आतून घासून चकचकीत झालं होतं. पाळणा हलतो तेव्हा कडी झोक्याच्या दिशेने घासली जाते. या कड्या दोर वरखाली ओढून घासल्या गेल्या होत्या.

दादाला कुणीतरी फोन केला असावा, कारण दुपारीच तो हजर. सत्तरी ओलांडलेला, इस्त्रीचा सदरा, हातात मंडळाच्या कार्यक्रमाची पिशवी. त्याने भिंतीकडे पाहिलं. दचकला मात्र नाही. बाईंनी ते टिपलं. इतक्या वर्षांत त्यांनी बिनतिकिटाची तोंडं पुष्कळ पाहिली होती.

"परत मार फळ्या," तो म्हणाला. "मंडळी यायच्या आत."

"कुणी लिहिलंय हे?"

"बाबांनी. सराव करायचे."

"एवढ्या खाली?"

"बसून करत असतील. तुला कशाला एवढ्या चौकशा? आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं नाव कुठेतरी लागतंय, आणि तुला नेमका आत्ताच हातोडा सुचला."

"नाव लागू दे ना. भिंतीनं नाव कसं बुडेल?"

दादा पुढच्या खोलीत गेला. जाताना त्याने वर कड्यांकडे एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाई बाजारात गेल्या. चौकात चष्मेवाल्याचं दुकान आहे. तोच मंडळाचा अध्यक्ष. पेंटरनी त्याच्या वडिलांच्या काळात रंगवलेला बोर्ड दारावर अजून होता. कार्यक्रमासाठी साफ करायचा म्हणून चष्मेवाल्याने तो नेमका त्याच सकाळी खाली उतरवून भिंतीला टेकवला होता. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे बारीक झाले. समोरून, हाताच्या अंतरावरून, अक्षरं बेढब दिसत होती. डोकी मोठी, पाय बारीक, टोपलं डोक्यावर घेऊन निघालेल्या माणसांसारखी.

"हा तोच बोर्ड का?"

"तोच. जवळून कसातरीच दिसतो ना?" चष्मेवाला कौतुकाने म्हणाला. "वर चढला की बरोब्बर. खालून बघताना वरचा भाग लांब जातो, लहान दिसतो. तेवढा त्यांनी आधीच मोठा धरलाय. डोकं होतं हो पेंटरांचं!"

"तुमच्यासमोर रंगवला त्यांनी?"

"छे. पाटी घरी न्यायचे, तयार करून आणायचे. माझ्या वडिलांनी एकदा म्हटलं, आता बाजूच्या भिंतीवरही लिहून द्या, इथेच उभ्या उभ्या. तर म्हणाले, भिंतीवर मी लिहीत नाही. मोठी माणसं लहरी असतात."

बाई जरा थांबल्या. मग दुकानातल्या चष्म्यांच्या कपाटाकडे बघत म्हणाल्या, "बाबांनी डोळ्यांपायी काम सोडलं ना? नंबर काय होता त्यांचा?"

चष्मेवाल्याने मान हलवली. "नंबर? अहो, पेंटरांनी चष्मा केलाच नाही कधी. शेवटपर्यंत त्या समोरच्या बाकावर बसून पेपर वाचायचे. जाहिरातीसुद्धा."

"आणि काम सोडलं कधी?"

त्याने वर्ष सांगितलं. आत्या गेली ते वर्ष.

बाई घरी आल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "फावडं ठेवा. दोर आणा."

निघालेल्या फळ्यांतली एक लांब फळी घेतली. तिच्यावर बाईंनी खडूने जाड अक्षरं काढली, भिंतीवरच्यासारखीच, डोकी मोठी. फळीच्या दोन्ही टोकांना दोर बांधून ते कड्यांतून ओवले. मग कंडक्टरबाईंनी ते केलं जे त्या पाहुण्यांसमोर, डॉक्टरसमोर, साहेबासमोरही करत नसत. त्या जमिनीवर बसल्या.

"बाई, सतरंजी तरी..."

"ओढा."

मिस्त्रीने आधी एक दोर ओढला, मग दुसरा. फळी तिरकी झाली, भिंतीला खरवडत डगमगत वर गेली. पण गेली. छताजवळ पोचली तेव्हा बाईंनी मान वर केली. टोपलं घेतलेली माणसं ताठ झाली होती. जमिनीवरून बघणाऱ्याला ती अक्षरं तशीच दिसत होती जशी दुकानावरची रस्त्यावरच्या माणसाला दिसतात.

आता सगळं जागच्या जागी बसलं. जो माणूस उभा राहून लिहितो त्याला हे कळायला गणित मांडावं लागेल. जी जमिनीवर बसूनच सगळं जग बघते, तिला दुसऱ्या तऱ्हेने बघताच येत नाही. हाताशी असताना लिहायचं, बोर्ड वर चढवायला लावायचा, खालून बघायचा, चुकलं असेल तर उतरवून सुधारायचं. या खोलीत कुणी उभं राहून रंगवत नव्हतं. रंगवणारी एकच होती. बसून राहणारी.

बाई उठल्या नाहीत. मिस्त्रीने दोन-तीनदा विचारलं, दोर सोडू का. "आत्यासारखी बसून राहा," हे वाक्य त्यांनी किती जणांच्या तोंडून ऐकलं होतं. दादाच्याही. त्याच वाक्याला भिऊन त्यांनी उभ्याची नोकरी धरली, पायांच्या शिरा फुगेपर्यंत केली. आणि ते वाक्य म्हणणाऱ्यांना बोर्ड कोण लिहायचं ते माहीत होतं.

संध्याकाळी त्यांनी दादाला फोन केला.

"बोर्ड आत्याचे होते."

"तुला काय सिद्ध करायचंय?"

"काही नाही. फळ्या परत बसणार नाहीत, एवढंच सांगायचंय."

"अगं, त्या काळी कोण देणार होतं काम? चालता न येणाऱ्या बाईला? बाबांनी घर चालवलं त्याच्यावर. त्याच पैशातून दुकान टाकलं, म्हणून तुझी शाळा, माझं कॉलेज. तिची कधी तक्रार नव्हती."

"तू विचारलं होतंस?"

"मी पोर होतो!"

"आता नाहीस. तो काळ तसा होता, कबूल. हा कोणता आहे?"

दादाने फोन ठेवला. मंडळी यायच्या आदल्या दिवशी मात्र त्याने सुतार पाठवला, नव्या फळ्या घेऊन. मागून स्वतः. बाई दारात उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंवर, गर्दीच्या गाडीत राहायच्या तशा.

"गाडी भरली," त्या सुताराला म्हणाल्या. "खाली उतरा."

"ताई, मला साहेबांनी..."

"साहेबांचं तिकीट या घराचं नाही. उतरा म्हटलं ना?"

सुताराने दादाकडे पाहिलं. दादा चिडून लाल झाला होता. "बाबांचं नाव मातीत घालायला निघालीस. मेलेल्या माणसाचं!"

"मेलेली दोन माणसं आहेत, दादा. एकाच्या नावाची पाटी होतेय आणि दुसरीवर खिळे मारलेत. उद्या ये. आणि हवं तर सगळ्यांसमोर सांग की बहीण खोटं बोलते. मी मधे बोलणार नाही."

सुतार फळ्या घेऊन परत गेला.

मंडळी आली ती चष्मेवाला, आणखी दोन दुकानदार आणि दादा. पुढच्या खोलीत चहा झाला. पेंटरच्या आठवणी झाल्या. त्यांची उंची, त्यांची सायकल, मागे बांधलेले बोर्ड. दादा कप हातात धरून होता, पीत नव्हता. मग बाई म्हणाल्या, "आता कारखाना बघायचा ना? मागे चला. आणि तिकडे गेलात की जमिनीवर बसायचं."

"जमिनीवर? अहो, माझे गुडघे," एक दुकानदार कुरकुरला.

"गुडघे नेहमीचेच आहेत. बोर्ड एकदाच दिसणार."

मागच्या खोलीत फळ्या नव्हत्या. भिंत उघडी होती. बाईंनी चष्मेवाल्याला सकाळीच निरोप धाडून त्याचा बोर्ड मागवून घेतला होता, तो भिंतीशी उभा होता. मिस्त्रीने टोकांना दोर बांधून कड्यांतून ओवून ठेवले होते. मंडळी कण्हत-कुंथत बसली. समोर भिंतीवरची रंगीत अक्षरं, नाकासमोर. त्यांना ती कमरेइतकी खाली का आहेत हा प्रश्न पडला नाही, कारण बसल्यावर ती बरोबर हाताशी होती.

"ओढा," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीने ओढलं. डावं टोक वर गेलं, उजवं खालीच राहिलं. मग उजवं उचललं, डावं घसरलं. बोर्डाची कड भिंतीवरच्या अक्षरांना खरवडू लागली. चुना पडला.

"अरे, भिंत! भिंत खरवडतोयस!" दादा ओरडला. "एकेक नाही ओढायचा. दोन्ही एका मुठीत धर. आणि हाताने नाही, मागे चालत जायचं!"

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं, आणि दोर त्याच्यापुढे धरले.

दादाने ते घेतले. विचार केला असता तर घेतले नसते. दोन्ही दोर उजव्या मुठीत पीळ देऊन धरले आणि तो मागे चालत निघाला, पाठीमागे न बघता. वाटेत रंगाचा डबा होता, त्याला वळसा. उंबऱ्याशी येताच पाऊल आपोआप उंच उचललं. बोर्ड भिंतीला न टेकता, जराही न कलता, सरळ वर गेला. उंबऱ्यापलीकडे दोन पावलांवर दादा थांबला, आणि बोर्ड छताखाली नेमका थांबला. जमिनीवरच्या मंडळींच्या माना वर झाल्या होत्या. अक्षरं ताठ उभी होती.

मिस्त्री बोर्डाकडे बघत मंडळींशेजारी खाली बसला.

"दादा," बाई हळूच म्हणाल्या, "कुठे थांबायचं ते तुला कसं कळलं?"

दादा दोर धरून उभा होता. सोडले असते तर बोर्ड खाली आदळला असता.

"ती सांगायची," तो म्हणाला.

चष्मेवाल्याने बोर्डाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग निळ्या पंजाच्या ठशाकडे. चष्मा पुसला. "म्हणजे पेंटर..."

"पेंटर बोर्ड आणायचे आणि न्यायचे," बाई म्हणाल्या. "रंग घोटायचे. सायकलवरून वाहायचे. शिडीवर चढून टांगायचे, आणि एकही बोर्ड कधी पडला नाही. ते काम कमी नाही. तेही लिहा. पण लिहिलं कुणी, ते आधी लिहा."

"अहो बाई, पाटी कोरून झालीय."

"खाली जागा आहे. मी बघून आले. एक ओळ बसेल."

"मंडळाला विचारावं लागेल."

"विचारू नका. सांगा. आणि नाहीच जमलं, तर चौकात येणाऱ्या प्रत्येकाला मी इथे आणीन. बसवीन असंच. मला वेळच वेळ आहे."

एका दुकानदाराला हसू आलं; त्याने ते खोकल्यात लपवलं. चष्मेवाला मात्र हसला नाही. त्याने खिशातून पेन काढलं. "नाव काय होतं त्यांचं?"

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की नाव त्यांना ठाऊक नाही. घरात कुणीच कधी नावाने हाक मारली नव्हती. आत्या, नाहीतर "मागच्या खोलीतली".

दादाने दाराबाहेरून नाव सांगितलं. पूर्ण, एकेक शब्द सुटा करून. बाईंनी ते पहिल्यांदा ऐकलं.

मंडळी गेल्यावर दादाने बोर्ड खाली उतरवला, दोर गुंडाळून खुंटीला लावला आणि घरी गेला. पाटीच्या कार्यक्रमाला तो आला, पण मागच्या रांगेत उभा राहिला. बहीण-भावाचं बोलणं अजून पूर्वीसारखं नाही, आणि बाई ते सारवून घेण्याच्या खटपटीतही नाहीत.

घराचं काम झालं. मागची खोली बाईंनी निजायला घेतली. शेवटच्या दिवशी मिस्त्रीने विचारलं होतं, या भिंतीला रंग कोणता द्यायचा? "तिला रंग आहे," बाई म्हणाल्या. समोरच्या भिंतीला त्यांनी खिडकी पाडून घेतली. खिडकीच्या तळाची उंची ठरवताना त्या जमिनीवर बसल्या आणि डोळ्यांसमोर खडूची रेघ मारली. मिस्त्री म्हणाला, इतकी खाली खिडकी कोण ठेवतं, गल्लीतून जाणाऱ्याला सगळं घर दिसेल. दिसू दे, म्हणाल्या.

चौकात पाटी लागली. खालची ओळ नंतर घाईने कोरलेली, वरच्यापेक्षा बारीक. अक्षरांची डोकीही लहान. रस्त्यावरून बघितलं तर मागे रेलतात. कंडक्टरबाई मंडळाच्या दारात दर आठवड्याला जाऊन उभ्या राहतात. ओळ पुन्हा कोरा म्हणतात, आणि या वेळी कोरणाऱ्याला आधी खाली बसवा. चष्मेवाला त्यांना खुर्ची देतो. त्या ती बाजूला सारतात. काम झाल्यावर बसेन, म्हणतात.